टेक्सासमध्ये बार्बेक्यू कुठे खावं? आणि त्याआधी, किती वाजता?

तर झालं असं. ऑस्टिनला कॉन्फरन्स होती. माझं पोस्टर दुसऱ्या दिवशी दुपारी होतं आणि सगळं आवरेपर्यंत संध्याकाळचे साडेसात वाजले. जेटलॅग, रिकामं पोट, आणि डोक्यात एकच गोष्ट: टेक्सासला आलोय तर बार्बेक्यू खायचंच. फोनवर शोधलं, हॉटेलपासून चालत जाता येईल असं सगळ्यात जास्त तारे मिळालेलं ठिकाण निवडलं आणि गेले. नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल की चूक निम्मी माझीच होती. ब्रिस्केट, एक सॉसेज, वाटीभर बटाट्याचं सॅलड, टिप धरून 38 डॉलर. म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. जेआरएफच्या 37,000 मधला जवळपास बारावा हिस्सा एका ताटात गेला. आणि मांस? कडा वाळलेल्या, मधे चिवट, चावून चावून जबडा दुखला. "उगाच गवगवा आहे" असा निष्कर्ष काढून झोपले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिथल्याच एका प्राध्यापकांशी बोलताना हे सांगितलं. मला वाटलं ते विचारतील कुठे खाल्लं. त्यांनी विचारलं, किती वाजता खाल्लं? मग विचारलं, मांस तुझ्यासमोर कापलं का? मी म्हटलं, नाही, काप आधीच ट्रेमध्ये होते. त्यावर ते नुसते हसले.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. माझा पीएचडीचा विषय कोलॅजेन आहे. माशांच्या कातडीतलं कोलॅजेन किती तापमानाला उलगडतं, त्याचं जिलेटिन कसं होतं, हे मी चार वर्षं मोजतेय. आणि जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कोलॅजेनच्या पदार्थाबद्दल मी एका नमुन्यावरून, तोही कोणत्या वेळी घेतला हे न पाहता, निकाल देऊन मोकळी झाले होते. लॅबमध्ये कुणी ज्युनिअरने असं केलं असतं तर मीच झापलं असतं.

म्हणून कुठे खावं हे सांगण्याआधी ताटात नेमकं काय येतं ते सांगते. ते कळलं की यादी वाचायची दृष्टीच बदलते.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा पुढचा भाग. गुरांना कॉलरबोन नसतं, त्यामुळे पुढच्या धडाचं वजन हाडाच्या सांध्यावर न येता स्नायूंवर पेललं जातं. सतत राबणारा स्नायू म्हणजे भरपूर जोड-ऊती, म्हणजेच कोलॅजेन. तीन पदरी पीळ घातलेली दोरी डोळ्यासमोर आणा. पटकन भाजलं तर ती दोरी आवळते आणि मांस चिवट होतं. 70 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ ठेवलं तर पीळ सुटतो आणि जिलेटिन होतं. आपल्याकडे पायाचं सूप रात्रभर उकळतात आणि थंड झाल्यावर ते थिजतं, तेच हे जिलेटिन. फरक एवढाच की पायाच्या सुपात पाणी असतं, इथे नाही. साधारण 120 ते 135 अंशांच्या धुरात, बारा-चौदा तास, आतलं तापमान 93-95 पर्यंत जाईस्तोवर.

"मग कुकरमध्ये का नाही लावत?" असं माझ्या आईने फोनवर विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे. कुकरमध्येही 120 अंशांच्या आसपासच तापमान असतं आणि तासाभरात काम होईल. पण कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, पृष्ठभाग सुकत नाही. मीठ-मिरीची जी काळी, खरपूस साल चढते, जिला तिकडे बार्क म्हणतात, ती कोरड्या हवेशिवाय होत नाही. त्या सालीसाठी रात्रभर कुणीतरी ओकची लाकडं सारत बसलेलं असतं.

आता यातला माझा आवडता भाग. मांस तापत तापत 65-70 अंशांपर्यंत येतं आणि तिथे थांबतं. दोन तास, चार तास, कधी त्याहून जास्त. खाली आग तीच, वर काटा हलत नाही. याला स्टॉल म्हणतात. बरीच वर्षं लोक सांगायचे की सगळी उष्णता कोलॅजेन वितळवण्यात जाते. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण कागद-पेन्सिल घेऊन बघा. पाच किलोचा तुकडा धरा, त्यात 2-3 टक्के कोलॅजेन धरा, म्हणजे शंभर-दीडशे ग्रॅम. पीळ सुटायला ग्रॅममागे साधारण 60 ज्यूल. एकूण दहा किलोज्यूलच्या आत. आता तोच तुकडा शिजताना एक किलो पाणी गमावतो असं धरा, बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा 2,300 किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे कोलॅजेनचा वाटा खिजगणतीतही नाही. मांसाला घाम येतोय आणि तो वाळताना मांस गार होतंय, बस. उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेला माठ जे करतो, तेच. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने हे प्रयोगानेच दाखवलं: भट्टीत एक ओला स्पंज आणि एक चरबीचा गोळा ठेवला. स्पंज अडकला, चरबी सरळ तापत गेली. स्पंजात ना कोलॅजेन ना चरबी. नियंत्रण-प्रयोग म्हणजे काय हे शिकवायला मला याच्याइतकं सुटसुटीत उदाहरण अजून मिळालेलं नाही.

या सगळ्याचा जेवणाशी संबंध असा. ब्रिस्केट हा मागणीनुसार करता येणारा पदार्थ नाही. काल संध्याकाळी किंवा रात्री चढवलेलं आज दुपारी तयार होतं. एकच घाणा. त्यानंतर ते गुंडाळून 60-65 अंशांच्या कपाटात ठेवलं तर तासन्‌तास छान राहतं, चांगली दुकानं मुद्दाम तसं ठेवतात. पण कापलं की पृष्ठभाग वाढतो, पाणी उडतं, आणि जिलेटिन गार झालं की घट्ट होतं. पंधरा-वीस मिनिटं उघडं पडलेला काप म्हणजे माझं 38 डॉलरचं ताट. पुष्कळशी नावाजलेली ठिकाणं दुपारी माल संपला की दार लावतात, ते उगाच नाही. रात्री नऊपर्यंत उघडं असणं वाईटच असं म्हणत नाही, पण तिथे कापणाऱ्यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून पहिला नियम: दुपारी अकरा ते एकच्या मधे जा, आणि तुमच्यासमोर सुरी चालतेय ना ते बघा.

आता कुठे.

टेक्सासमध्ये याची एक संदर्भसूची आहे असं समजा: 'टेक्सास मंथली' मासिकाची पन्नास सर्वोत्तम ठिकाणांची यादी. अलीकडे साधारण चार वर्षांनी येते. 2013 पासून त्यांच्याकडे फक्त बार्बेक्यूसाठी नेमलेला संपादक आहे, डॅनियल व्हॉन. (हो, नोकरी. मीही तोंडात बोट घातलं होतं.) यादी चांगलीच आहे, पण ती रिव्ह्यू पेपरसारखी वाचायची. डेटा कधी गोळा केला ते बघायचं, आणि हेही की मोजणीने मोजलेली गोष्ट बदलते. 2008 मध्ये त्यांनी लेक्सिंग्टन नावाच्या छोट्या गावातल्या, आठवड्यात फक्त शनिवारी सकाळी उघडणाऱ्या स्नोज बार्बेक्यूला पहिला नंबर दिला, 2017 मध्ये पुन्हा दिला. तिथल्या मुख्य स्वयंपाकी टूट्सी टोमानेट्झ, जन्म 1935. आता तिथे लोक पहाटेपासून रांग लावतात. यादीतली एक ओळ, आणि गावाचा शनिवार बदलला.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये मिशेलिननेही टेक्सासची पहिली यादी काढली आणि चार बार्बेक्यूवाल्यांना एकेक तारा दिला. त्यातली तीन ऑस्टिनमध्येच आहेत: इंटरस्टेलर, ला बार्बेक्यू, लीरॉय अँड लुइस. चौथं कॉर्कस्क्रू, ह्यूस्टनजवळच्या स्प्रिंगमध्ये. कॉन्फरन्समधून एकच दुपार निघत असेल तर या तिघांपैकी जे जवळ पडेल ते. याहून जास्त विचार करू नका.

फ्रँकलिन बार्बेक्यूचं नाव तुम्हाला सगळेच सांगतील. 2009 मध्ये ट्रेलरवर सुरू झालं, ॲरन फ्रँकलिनला 2015 मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, 2014 मध्ये ओबामा आले ते रांग मोडून पुढे गेले आणि मागच्यांचं बिल भरून गेले. आपण ओबामा नाही, त्यामुळे तीन-चार तास धरून चाला. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. मी गेले नाही. तीन दिवसांच्या मुक्कामात चार तास रांगेला देणं मला परवडणारं नव्हतं, आणि पहिल्या व पाचव्या क्रमांकातला फरक माझ्या जिभेला कळला असता असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

मी जिथे गेले आणि पुन्हा जाईन ते लॉकहार्ट. ऑस्टिनच्या दक्षिणेला पन्नास किलोमीटरच्या आसपास. चौघांनी मिळून भाड्याची गाडी केली. 1999 मध्ये टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून जाहीर केलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी लॉकहार्टच सुचवेन, कारण तिथे तुलना करता येते. एकाच गावात, एकाच दुपारी, चालत किंवा पाच मिनिटं गाडीने जाता येतील अशी जुनी दुकानं. प्रत्येकी पाव पाउंड घ्यायचं आणि पुढे जायचं.

इथला इतिहास खाटकाच्या दुकानातून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक लोक येऊन वसले, त्यांनी मांसाची दुकानं काढली. न विकलेलं मांस धुरावायचं, उरल्यासुरल्याचे सॉसेज करायचे. कापूस वेचणारे मजूर ते दुकानातच कागदावर घेऊन खायचे. आजही ताट मिळत नाही, जाड कागदच मिळतो, आणि पाउंडाच्या हिशोबाने वजन करून. पूर्व टेक्सासची परंपरा निराळी, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी जपलेली. दक्षिणेला मेक्सिकन. ब्राउन्सव्हिलमध्ये व्हेराज बॅकयार्ड नावाच्या ठिकाणी जमिनीतल्या खड्ड्यात लाकडावर गाईचं अख्खं डोकं शिजवतात. ऑस्टिनहून ते फार लांब आहे, पण 'टेक्सास बार्बेक्यू' म्हणजे एकच गोष्ट नाही एवढं लक्षात असू द्या.

लॉकहार्टमध्ये क्रॉइट्झ मार्केट 1900 पासूनचं. एडगर श्मिट यांनी ते 1948 मध्ये विकत घेतलं. ते वारल्यावर इमारत मुलीकडे आली, धंदा मुलाकडे होता, दोघांचं जमलं नाही, आणि 1999 मध्ये भावाने जुन्या भट्टीतले जळते निखारे टबातून ओढत नेऊन त्याच रस्त्यावरच्या नव्या इमारतीत आग पेटवली. जुन्या इमारतीत बहिणीने स्मिटीज मार्केट सुरू केलं. (वाडा एकाला, दुकान दुसऱ्याला. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.) स्मिटीजमध्ये शिरताना भिंती काळ्याकुट्ट, आणि रांगेत उभं राहिलं की पायाशी, अक्षरशः जमिनीवर, भट्टीच्या तोंडाशी लाकूड जळत असतं. चष्मा तापतो. माझा सगळ्यात चांगला घास तिथला होता, आणि तो ब्रिस्केट नव्हताच, खांद्याचं मांस होतं. तिकडे त्याला क्लॉड म्हणतात.

क्लॉडबद्दल जरा थांबते. ब्रिस्केट ही शतकानुशतकांची परंपरा आहे असं सगळे सांगतात, पण जुन्या मांसबाजारात अख्खा पुढचा भाग यायचा आणि जे असेल ते धुरावलं जायचं, खांदा, मान, सगळं. हवा तोच तुकडा खोक्यात बंद करून पाठवायची पद्धत 1960 च्या दशकात कत्तलखान्यांनी आणली, तेव्हा कुठे रोज फक्त ब्रिस्केट मागवणं शक्य झालं. म्हणजे आजची 'अस्सल' चव पुरवठासाखळीतून आलेली आहे. तेव्हा क्रॉइट्झ किंवा स्मिटीजमध्ये क्लॉड मागून बघा, जुनी चव त्याच्या जवळ जाते. त्यात चरबी कमी, म्हणून लगेच खायचं.

ब्लॅक्स बार्बेक्यू 1932 पासून एकाच कुटुंबाकडे आहे. तिथे भाज्या, सॅलड वगैरे जास्त मिळतं, आणि हाडासकट मोठी बीफ रिब, जी दोघांना पुरते.

बाकी पटापट सांगते. टेलरमधलं लुई म्युलर, 1949 पासून, मिरी जास्त, दिवसा जायचं. एल्गिनचं साउथसाइड मार्केट 1882 चं, सॉसेजसाठी. लानोमधलं कूपर्स वेगळ्याच पद्धतीचं: तिथे धूर नाही, मेस्कीटच्या निखाऱ्यांवर थेट, आणि बाहेर भट्टीजवळ उभं राहून बोट दाखवून तुकडा निवडायचा. पण ते ऑस्टिनपासून शंभरेक किलोमीटरच्या वर आहे.

मागायचं कसं? काउंटरवर विचारतात लीन की मॉइस्ट. ब्रिस्केटमध्ये एकावर एक दोन स्नायू असतात. खालचा सपाट तो लीन, वरचा चरबीवाला तो मॉइस्ट. पहिल्यांदा जाणाऱ्याने मॉइस्ट मागावं, आणि उशीर झाला असेल तर मॉइस्टच मागावं, कारण चरबी चूक पोटात घालते. पाउंड म्हणजे 454 ग्रॅम, भाव पाउंडाला तीस डॉलर किंवा त्याहून जास्त. एकीला पाव पाउंड ब्रिस्केट आणि एक सॉसेज पुरतं. ब्रेड, कांदा, लोणच्याची काकडी बहुतेक ठिकाणी फुकट असते, लाजू नका. काप बोटांवर टांगून बघा: स्वतःच्या वजनाने तुटत नाही पण ओढला की सहज सुटतो, तो बरोबर शिजलेला. कापाच्या कडेला गुलाबी वर्तुळ दिसतं त्याला भुलू नका. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मायोग्लोबिनला चिकटतो म्हणून तो रंग येतो, चवीशी त्याचा संबंध नाही. सॉस आधी ओतू नका. क्रॉइट्झमध्ये तर कैक वर्षं सॉसही नव्हता आणि काटेही नव्हते.

न खाणाऱ्यांबद्दल. आमच्या चौघांत एक पूर्ण शाकाहारी होती आणि एकाला गोमांस चालत नव्हतं. मी खाते, घरी चालत नाही, तो विषय आमच्यात मिटलेला आहे. गोमांस नको असेल तर टर्की आणि पोर्क रिब्ज बहुतेक ठिकाणी असतात, पण सॉसेजमध्ये बीफ असतंच असं धरून चाला, आणि सुरी-पाट एकच असतो हे आधी माहीत असू द्या. बीन्स शाकाहारी समजून घेऊ नका, त्यात सर्रास मांस घालतात, विचारा. आमच्या मैत्रिणीने कोलस्लॉ, ब्रेड, चीज आणि बनाना पुडिंगवर दुपार काढली आणि गाडीतून उतरताना सांगितलं की पुढच्या वेळी ती ऑस्टिनमध्येच टाको खाणार. बरोबर आहे तिचं. अशा मैत्रिणीला तीन दुकानं फिरवू नका.

एक गोष्ट मला परत आल्यावर कळली. कॉलेज स्टेशनच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मांसविज्ञानाचे प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या मुलांना 'टेक्सास बार्बेक्यू' नावाचा कोर्स शिकवतात, आणि उन्हाळ्यात बाहेरच्यांसाठी बार्बेक्यूची शिबिरंही होतात. कोलॅजेनवर काम करणाऱ्या कुणाला पोस्टडॉकसाठी जागा शोधायची असेल तर सांगून ठेवते.

आणि हे तिकीट काढण्याआधी वाचत असाल तर: कॉन्फरन्स बहुतेक वेळा शुक्रवारी संपते. परतीचं तिकीट रविवारचं काढा. ग्रँटमधून एका रात्रीचं हॉटेल मिळत नसेल तर चौघांत एक खोली घ्या, पण शनिवारची दुपार मोकळी ठेवा. लॉकहार्टला साडेदहाला पोहोचा, नाश्ता न करता.